ऑर्डर गायब, हप्ता चालू
अमेरिकेतल्या विचिटात, विमानाच्या कारखान्यांच्या या शहरात, कुणाला "कसं चाललंय?" विचारलं की उत्तरात बोइंग येतंच. आज कामानिमित्त एका छोट्या मशीन शॉपमध्ये गेले होते. वीसेक माणसं, विमानाचे ब्रॅकेट बनवतात. प्रत्येक ब्रॅकेटला टॅग, आणि त्यामागे धातूच्या सर्टिफिकेटपासून सह्यांची ही चळत! मालक २०२० सालची गोष्ट सांगत बसला. त्याआधी बोइंगची दोन ७३७ मॅक्स विमानं पडून ३४६ माणसं गेली, पुढे बोइंगने उत्पादनच थांबवलं, आणि बोइंगसाठी विमानांचे सांगाडे बनवणाऱ्या इथल्या स्पिरिट एरोसिस्टिम्सने २८०० जणांना एका फटक्यात घरी बसवलं. ह्या मालकाकडे ॲल्युमिनियम येऊन पडलेलं, ऑर्डर गायब, बँकेचा हप्ता मात्र चालू.

मग जानेवारी २०२४. अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्स विमानाचा डोअर प्लग, म्हणजे दाराची न वापरलेली जागा बंद करणारा तुकडा, हवेत उडाला. सांगाडा विचिटाचा, खराब रिव्हेटही इथलेच (हे मान्य करायलाच हवं), पण दुरुस्तीनंतर चार बोल्ट बसवायचे राहिले ते रेंटनला, बोइंगच्या कारखान्यात. एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान नियामकाने, महिन्याला ३८च मॅक्स बनवायची मर्यादा घातली आणि सुक्याबरोबर ओलंही जळालं. स्पिरिटला निदान बोइंगने विकत घेतलं. वीस माणसांच्या शॉपला कोण विचारतो?

तो आता ट्रॅक्टरचेही पार्ट बनवतो. पैसे कमी, पण ऑर्डर दर महिन्याला येते म्हणे.