तुम्ही विचारलंत म्हणून : कलम 14 असताना उलटतपास कशाला शिकायचा?

कौटुंबिक न्यायालयात नव्याने वकिली करू लागलेल्या मुलामुलींकडून मला एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, कौटुंबिक न्यायालय अधिनियम, 1984 च्या कलम 14 प्रमाणे एरवी ग्राह्य न ठरणारा दस्तऐवजही न्यायालय पाहू शकते, आणि कलम 13 प्रमाणे तिथे वकील हा पक्षकाराचा हक्कसुद्धा नाही. मग पुरावा कायदा आणि उलटतपास यांच्यावर इतका वेळ का घालवायचा?" प्रश्न प्रामाणिक आहे आणि कायद्याच्या शब्दांवर आधारलेला आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देते.

कलम 14 न्यायालयाला एवढेच सांगते की, वाद परिणामकारकपणे हाताळण्यास मदत होईल असा अहवाल, निवेदन, दस्तऐवज किंवा माहिती पुरावा कायद्याप्रमाणे ग्राह्य नसली तरी विचारात घेता येईल. कागद आत येण्याचा दरवाजा त्याने रुंद केला. त्या कागदावर विश्वास किती ठेवायचा, हा निर्णय मात्र न्यायाधीशांकडेच राहिला, आणि शाबितीचा भार, म्हणजे म्हणणे सिद्ध करण्याची जबाबदारी, ज्याच्यावर होता त्याच्यावरच राहिला. क्रूरतेचा आरोप किती प्रमाणात सिद्ध व्हावा, हे सर्वोच्च न्यायालयाचे न्या. यशवंत चंद्रचूड यांनी पुण्याच्या एका दांपत्याच्या खटल्यात 1975 साली सांगितले: फौजदारी खटल्याप्रमाणे संशयातीत पुरावा नको, पण शक्याशक्यतेचे पारडे आपल्या बाजूला झुकले पाहिजे. शिवाय हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम 23 प्रमाणे समोरचा पक्ष हजर झाला नाही तरीही न्यायालयाची खात्री पटावी लागते, आणि अर्जदाराने ती क्रूरता माफ केलेली नाही, हेही दिसावे लागते. या दोन्ही गोष्टी साक्षीतून येतात. कलम 14 त्या आणून देत नाही.

आणखी एक व्यावहारिक कारण आहे. महाराष्ट्रात जिथे कौटुंबिक न्यायालय नाही, तिथे घटस्फोटाचा अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यासमोर चालतो. तिथे कलम 14 ची सवलत मिळत नाही. त्याच नवरा-बायकोमधला कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज दंडाधिकाऱ्यांसमोर असतो आणि एका ठिकाणची साक्ष दुसऱ्या ठिकाणी उलटतपासात पुढे केली जाते. सवलतीच्या भरवशावर ढिलाईने तयार केलेली फाईल मग दुसऱ्या न्यायालयात उघडी पडते.

सर्वांत जास्त ढिलाई मला मोबाईलच्या पुराव्यात दिसते. पक्षकार व्हॉट्सअ‍ॅपचे निवडक स्क्रीनशॉट आणतो, वकील ते यादीसोबत दाखल करतो, आणि समोरून "हे संदेश माझे नाहीत" असे आले की पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसाठी प्रमाणपत्र आवश्यक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2020 मध्ये जालना विधानसभा निवडणुकीतून निघालेल्या अपिलात ठामपणे सांगितले. तेव्हा ते जुन्या पुरावा कायद्याचे कलम 65ब होते. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 63 लागू झाले. त्यात प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, पहिला नोंद सादर करणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात नोंदीचे हॅश मूल्यही (नोंदीत फेरफार झालेला नाही हे ताडून पाहण्याची संगणकीय खूण) द्यावे लागते. त्या तारखेपूर्वी प्रलंबित असलेल्या प्रकरणांना जुनाच कायदा लागू राहतो, म्हणून आज दोन्ही कायदे माहीत असावे लागतात. कौटुंबिक न्यायालय प्रमाणपत्राशिवायही संदेश पाहील कदाचित. मी तरीही प्रमाणपत्र घेतेच, संपूर्ण संभाषण तारखेच्या क्रमाने काढते आणि मूळ फोन विकू किंवा बदलू नका, असे पक्षकाराला पहिल्याच भेटीत सांगते.

पती-पत्नीपैकी एकाने दुसऱ्याचे बोलणे नकळत ध्वनिमुद्रित केले असेल तर, हा पुढचा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करून असे ध्वनिमुद्रण वैवाहिक दाव्यात ग्राह्य धरता येईल असे सांगितले, कारण पती-पत्नीमधील संवादाला दिलेल्या संरक्षणातून त्यांच्या आपसातल्या दाव्याचा अपवाद कायद्यानेच केलेला आहे. पण आवाज कोणाचा, ध्वनिमुद्रण अखंड आहे का आणि त्याचा वादाशी संबंध काय, ही तपासणी कायम आहे. भांडणाची शेवटची दोन मिनिटे ऐकवणाऱ्याला मी नेहमी विचारते की, आधीची वीस मिनिटे कुठे आहेत? समोरचा वकील हेच विचारणार आहे.

आता उलटतपासाकडे येते, कारण माझ्या मते खरे कौशल्य तिथे लागते. कौटुंबिक न्यायालयात साक्ष सविस्तर लिहिणे न्यायाधीशांवर बंधनकारक नाही. कलम 15 प्रमाणे साक्षीचा सारांश नोंदवला तरी पुरतो. त्यामुळे लांबलचक, तीन उपवाक्यांचा प्रश्न कागदावर उतरतच नाही. एका प्रश्नातून एकच तथ्य निघावे आणि ते न्यायाधीशांना एका वाक्यात लिहिता यावे. मराठी साक्षी वाचल्या की दिसते की, पानेच्या पाने "हे म्हणणे खरे नाही की…" अशा नकारांनी भरलेली असतात. आपली बाजू साक्षीदारासमोर मांडणे आवश्यकच आहे, पण नुसत्या सूचना, म्हणजे साक्षीदारापुढे ठेवलेली आपली विधाने, आणि त्यांचे नकार यांतून काहीही शाबीत होत नाही. "हे खरे आहे की…" अशी सुरू होणारी चार वाक्ये मिळाली, तर युक्तिवाद त्यांवर उभा राहतो. कलम 19 प्रमाणे होणाऱ्या अपिलात उच्च न्यायालयाचे खंडपीठ साक्षीदाराचा चेहरा पाहत नाही. त्याच्यासमोर असतो तो फक्त हा कागद.

पोटगीचे उदाहरण घेऊ. 4 नोव्हेंबर 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दोन्ही पक्षांना मालमत्ता व दायित्वांचे शपथपत्र द्यावे लागते. समजा, पतीने त्यात मासिक उत्पन्न 18,000 रुपये लिहिले आहे आणि त्याच्या बँक खात्यातून दरमहा 22,000 रुपयांचा हप्ता जातो. अननुभवी वकील सरळ विचारतो, "18,000 मध्ये 22,000 चा हप्ता कसा भरता?" आणि साक्षीदाराला भाऊ, मित्र, सासरे यांच्या मदतीची गोष्ट सांगण्याची संधी मिळते. त्याऐवजी आधी शपथपत्रावरील सही कबूल करून घ्यावी, मग खाते त्याचेच आहे हे, मग हप्ता नियमित जातो हे, आणि मग बँकेकडून मागवलेला कर्जाचा अर्ज त्याच्या हातात द्यावा, ज्यात त्याने स्वतःचे उत्पन्न स्वतःच्या अक्षरात लिहिलेले असते. पूर्वीच्या लेखी विधानाने साक्षीदाराला खोटे पाडायचे असेल, तर तो भाग आधी त्याला दाखवावा लागतो. जुन्या कायद्यात हे कलम 145 होते, नव्यात 148 आहे. त्यावरची सही त्याने मान्य केली की थांबावे. "मग खोटे का लिहिले?" हा प्रश्न विचारू नये. ते काम युक्तिवादाचे आहे.

सरतपासाच्या, म्हणजे आपल्याच साक्षीदाराच्या मूळ साक्षीच्या, शपथपत्राबद्दल थोडक्यात सांगते. अर्जातील परिच्छेद जसेच्या तसे उतरवू नयेत. "सतत छळ केला" या वाक्यापेक्षा कोणत्या सणाला, कोणाच्या घरी, कोणासमोर काय घडले आणि नंतर पक्षकार कुठे गेली, हे लिहिलेले जास्त टिकते. घराच्या आत घडणाऱ्या गोष्टींना आई, बहीण, शेजारीण हेच स्वाभाविक साक्षीदार असतात. नातेवाईक आहेत म्हणून त्यांना वगळू नये.

मुलांच्या बाबतीत मात्र माझे मत कठोर आहे. आईविरुद्ध किंवा बापाविरुद्ध मुलाला साक्षीदार म्हणून उभे करू नये. मुलाची इच्छा जाणून घ्यायची असेल, तर न्यायाधीश त्याच्याशी आपल्या दालनात बोलू शकतात. व्यभिचाराचा आरोप शाबीत करण्यासाठी मुलाची डीएनए चाचणी सरसकट मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2023 मध्ये सांगितले, तेव्हा मला मनापासून समाधान वाटले, कारण असा अर्ज करणाऱ्या वकिलाच्या डोळ्यासमोर अनेकदा ते मूल नसतेच. अपमान करण्याच्या हेतूने विचारलेला प्रश्न न्यायालयाने रोखावा, अशी तरतूद पुरावा कायद्यात आहे. मी तो प्रश्न न्यायालयाने रोखण्याची वाट पाहू नये असे मानते. उलटतपास संपल्यावर ही दोन माणसे शाळेच्या पालकसभेत पुन्हा शेजारी बसणार असतात.

हे सगळे शिकायचे कुठे, हीच खरी अडचण आहे. वैवाहिक प्रकरणे बंद दालनात चालतात, त्यामुळे इतर दिवाणी न्यायालयांत मागच्या बाकावर बसून ज्येष्ठांचा उलटतपास ऐकता येतो, तसा इथे येत नाही. म्हणून माझी ज्येष्ठ सहकाऱ्यांना विनंती आहे की, पक्षकारांची नावे व ओळख पटवणारे सर्व तपशील काढून आपल्या जुन्या साक्षी नव्या वकिलांना वाचायला द्याव्यात. आणि नव्यांना सांगणे आहे की, त्या वाचताना आधी फक्त उत्तरे वाचा, त्यांवरून प्रश्न काय असेल ते स्वतः लिहा, आणि मग पुढच्या तारखेआधी आपल्या हातातील प्रकरणाचे प्रश्न त्याच पद्धतीने तयार करून माझ्याकडे घेऊन या.