बॉम्बसाइटमधलं अंतर सेकंदांत मोजलं तेव्हा

काउंटर-स्ट्राइकच्या सीएस-गो या शूटिंग गेमसाठी हॅमर एडिटर या मॅप बनवायच्या प्रोग्रॅममध्ये मी पहिला मॅप केला, तेव्हा सगळं लक्ष कमानी, जिने आणि उजेडाकडे होतं. ए आणि बी या बॉम्बसाइट, म्हणजे जिथे टी (दहशतवादी) बॉम्ब लावतात आणि सीटी (त्यांना रोखणारे) बचाव करतात त्या जागा, दोन टोकांना टाकून दिल्या. मॅप जितका ऐसपैस तितकी खेळायला मजा, अशी माझी समजूत. शनिवारी रात्री आम्ही दहा जण त्यावर पाच-पाच खेळायला बसलो. तिसऱ्याच राउंडला हेडफोनमध्ये ऐकू आलं:

"बीवर चौघं आहेत, प्लांट करतायत! या रे लवकर!"

"आता येऊन काय करू? सेव्ह करतो मी."

ए साइटवाला पुढच्या राउंडसाठी बंदूक वाचवत कोपऱ्यात बसून राहिला. मला राग आला होता, पण नंतर वहीत हिशोब मांडला आणि पटलं की त्याचंच बरोबर होतं. साइट ते साइट रस्ता 6000 युनिट (गेममधलं अंतराचं माप). चाकू हातात घेऊन पळालं तर सेकंदाला 250 युनिट, म्हणजे 24 सेकंद. बॉम्ब फुटतो 40 सेकंदांत, आणि बॉम्ब निकामी करायचं किट नसेल तर डिफ्यूजला 10 लागतात. उरले 6. तेवढ्यात चौघांना मारायचं! किट असलं तरी पाचच सेकंद वाढतात. मला जास्त लागलं ते हे की सहाव्या-सातव्या राउंडपासून कोणी कोणाला हाकच मारेना. येणार कोणी नाही, मग सांगायचं कशाला? एका टीममधले पाच जण आपापलं खेळत होते.

मग मी दोन्ही साइट जवळ आणल्या, मधे 1250 युनिट. तेही फसलं. पाच सेकंदांत कुठूनही कुठेही पोचता येतं म्हटल्यावर सीटी सगळे मधेच उभे राहिले. टींनी एवर स्मोक (धुराचा ग्रेनेड) टाकून फेक, म्हणजे खोटा हल्ला, केला तरी बीवर वळेपर्यंत सीटी तिथे हजर.

शेवटी डस्ट 2 उघडला आणि एकटाच स्टॉपवॉच घेऊन त्यात पळत बसलो. डेव्ह जॉन्स्टनचा हा मॅप 2001चा, आणि मी तो शाळेपासून खेळतोय, पण असा कधी पाहिला नव्हता. सीटींचा स्पॉन, म्हणजे राउंड सुरू करायची जागा, दोन साइटच्या मधल्या पट्ट्यात आहे, त्यांना मागच्या मागे सरकता येतं. टी मात्र एकदा बीच्या टनेलमध्ये शिरले की ए साइटकडे जायला परत फिरावं लागतं, नाहीतर मिडमधून (मॅपच्या मधल्या भागातून) उघड्यावर यावं लागतं. म्हणजे अंतरं दोन आहेत, बचाव करणाऱ्यांचं वेगळं आणि हल्ला करणाऱ्यांचं वेगळं. मी तोवर एकच मोजत होतो.

तिसऱ्यांदा सीटींचा मागचा रस्ता 2750 युनिट केला, म्हणजे चाकूने 11 सेकंद. टींचा वळसा 4500 युनिट, 18 सेकंद. या सात सेकंदांच्या फरकासाठी मी तीन आठवडे भिंती हलवल्या. 11 सेकंदांत मदत पोचते, पण वेळेवर हाक मारली तरच. शिवाय पळालं की पावलं ऐकू जातात, आणि शिफ्ट दाबून चाललं तर वेग जवळजवळ निम्मा होतो. त्यामुळे निघायचं कधी आणि कसं, हे दोघांनी बोलूनच ठरवावं लागतं. मिडवर एक खिडकीही काढली, टी परत फिरताना तिथून दिसावेत म्हणून.

पुन्हा शनिवार, पुन्हा दहा जण. मी खेळलो नाही, नुसता ऐकत होतो.

"बीवर दोघंच दिसले. फेक वाटतोय, निघू नकोस."

"अर्ध्यावर येऊन थांबतो. खिडकीत कोण आहे?"

"मी आहे. तिघं मागे फिरले, एवर जातायत!"

तो राउंड सीटी हरले. पाचही जण ए साइटवर, एकमेकांपासून दहा पावलांच्या आत मेले होते.