पाहुणे उशिरा

"मंडणगड सोडलंय दादा, आलोच. अर्धा-पाऊण तास थांबवता येईल का?"

मार्चातल्या एका शनिवारी सकाळी सव्वासहाला मी फोनवर हे बोलले, तेव्हा आमची बस माणगावच्या अलीकडे एका टायरवाल्याच्या दारात जॅकवर उभी होती. मंडणगड अजून दीड-दोन तास पुढे होतं. ताम्हिणी उतरताना मागचा आतला टायर गेला. स्टेपनी काढली तर ती माझ्या चपलेपेक्षा गुळगुळीत. बसमध्ये ३८ माणसं, त्यातली नऊ लहान मुलं, आणि सगळ्यांना एकच गोष्ट बघायची होती: समुद्राकडे जाणारी कासवाची पिल्लं.

आठ वर्षं मी पुण्याहून वीकेंडच्या सहली नेते. पावसाळ्यात धबधबे, मेच्या शेवटी काजवे, फेब्रुवारी ते एप्रिल कासवं. शुक्रवारी रात्री अकराला कोथरूडहून निघायचं, पहाटे पाचला गावात चहा, सातला किनाऱ्यावर. बाहेरून बघणाऱ्यांना वाटतं, आमचं काम फिरायचं. खरं काम म्हणजे बस वेळेवर नेणं आणि ओकाऱ्यांच्या पिशव्या पुरवणं.

गावाचं नाव लिहीत नाही. मंडणगड-दापोलीच्या किनाऱ्यावरचं आहे, एवढं पुरे. दादाचंही नाव नाही. गावात तो कासवमित्र, म्हणजे कासवांची अंडी-पिल्लं राखणारा. त्याचे वडील रात्री वाळूवरचा माग काढून अंडी उकरून आणायचे, खायला आणि विकायला. तो हे लपवत नाही. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी कासव संवर्धनाचं काम सुरू केलं, २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरू लागला. मग त्या पट्ट्यातल्या बऱ्याच गावांतली माग काढणारी नजरच राखणीला लागली. दादा त्यातलाच.

त्याचं काम बघणं हा माझ्या नोकरीतला सगळ्यात आवडता भाग आहे. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी रात्री येते, वल्ह्यांसारख्या मागच्या पायांनी हातभर खोल खड्डा करते, तोंड अरुंद आणि तळ रुंद, अगदी माठासारखा. शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू थोपटून बुजवते आणि निघून जाते. पुन्हा ढुंकून बघत नाही. पहाटे कोल्हे-कुत्र्यांच्या आधी दादा तिथे पोचतो. अंडं टेबलटेनिसच्या चेंडूएवढं, पण कवच लेचंपेचं. काढताना ते जसं असेल तसंच उचलायचं, फिरवायचं नाही. हाताला ओडोमॉस नको, क्रीम नको. कुंपणातल्या जागेत तेवढाच खोल, तसाच माठ पुन्हा खणायचा आणि अंडी त्यात रचायची. वर पाटी: घरटं क्रमांक, तारीख, अंडी किती. पंचेचाळीस दिवस झाले की त्यावर टोपली पालथी घालायची, कारण पिल्लं वर आली की सुसाट निघतात. टोपली दर थोड्या वेळानं उचलून बघावी लागते. आत अडकलेली पिल्लं टोपलीच्या कडेला धडका देत राहतात, आणि त्यात त्यांची ताकद जाते.

ही ताकद म्हणजेच सगळा मामला आहे, आणि ती मला चांगली माहीत होती. दर शनिवारी तेच भाषण मी बसच्या माइकवर करते. पिल्लाच्या पोटात अंड्यातल्या बलकाची शिदोरी उरलेली असते. तिच्यावर ते वाळू ओलांडतं, लाटा फोडतं आणि पहिला दिवस जवळपास न थांबता पोहत किनाऱ्यापासून लांब जातं. जितकं थांबवाल तितकी शिदोरी कमी. म्हणून पहाटे आलेली सकाळीच सोडायची, दिवसा वर आलेली संध्याकाळी.

तर सव्वासहाला फोन आला दादाचाच. "अकरा आलीत, ताई. कुठे पोचलात?"

मी वर लिहिलंय ते बोलले. तो जरा थांबला. मग म्हणाला, "बघतो."

पुण्यात कुणी 'बघतो' म्हटलं की काम होणार नाही असं समजायचं. तिथे तसं नाही. त्या गावात पाहुण्याला तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. 'बघतो' म्हणजे करतो, माझ्या मनात नाही पण करतो. आठ वर्षांत मला हे पक्कं कळलंय. कळलंय म्हणूनच मी विचारलं, हे आता लिहिताना टोचतंय. पाच घरांत आमची ३८ माणसं उतरणार होती, काकू पहाटेपासून घावण्यांचं पीठ कालवून बसल्या होत्या. त्यानं नाही म्हटलं असतं तर कसं म्हटलं असतं?

पोचलो सव्वानऊला. वाळू तापायला लागली होती आणि वर घारी. या वेळी सोडणं म्हणजे घारींना पंगत वाढणं. दादानं अकराच्या अकरा एका रुंद घमेल्यात ओल्या वाळूवर ठेवली होती, वर ओलं गोणपाट, आपल्या पडवीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. अंधारात आणि गारव्यात ती कमी वळवळतात. त्याच्या हातात होतं तेवढं त्यानं केलं होतं. मला म्हणाला, "आता संध्याकाळीच." मंडणगड कधी सोडलं होतं, ते विचारलं नाही.

दिवसभराचं फार सांगण्यासारखं नाही. बाणकोटचा किल्ला, जेवण, झोप. एका गृहस्थांनी तीनदा विचारलं, "संध्याकाळची गॅरंटी आहे ना?" दुसऱ्या एकांनी देवळाच्या आवारात ब्लूटूथ स्पीकर लावला, तो मी बंद करायला लावला आणि त्याबद्दल मला 'अ‍ॅटिट्यूड' असल्याचं ऐकून घेतलं. गॅरंटीवाल्यांवर मात्र मी रागावू शकत नाही. आमच्या मालकांच्या पोस्टरवर मोठ्या अक्षरांत असतं, 'कासवाची पिल्लं पाहा!' खाली मी दरवर्षी एक ओळ घालते, 'पिल्लं दिसतीलच असं नाही.' दरवर्षी ती छापताना गळते. डिझाइनमध्ये बसत नाही म्हणतात.

दुपारी दोनदा मी पडवीत जाऊन गोणपाट उचलून बघितलं. उचलू नये, माहीत होतं. पहिल्यांदा सगळी एकमेकांवर चढत होती. दुसऱ्यांदा दोन-तीन नुसती पसरली होती, वल्ही बाजूला टाकून.

सहाला किनारा. दादानं दोरी बांधली, मुलांना पुढे बसवलं आणि दोरीपलीकडचा पट्टा फळीनं सपाट केला. आपलं एक पाऊल उमटलं की पिल्लाला ती विहीर असते. पाण्यात उचलून सोडायचं नाही, वाळू त्याची त्यानंच चालायची. पाण्यापासून थोडं अलीकडे घमेलं कलतं केलं आणि सगळा किनारा एकदम गप्प झाला. त्या शांततेसाठी मी हे काम करते.

आठ झरझर गेली. दोन थांबत थांबत. अकरावं मध्येच थांबलं. मान वर करी, एक वल्हं पुढे टाकी, पुन्हा थांबे. मुलं 'गो, गो' करून ओरडायला लागली, मोठ्यांनी टाळ्या धरल्या. माझ्याशेजारी एक आई तिच्या मुलीला म्हणाली, "बघ, आत्ता जन्मलंय ना, म्हणून थकलंय." मग माझ्याकडे वळून, "आत्ताच बाहेर आली ना ही?"

मी म्हटलं, "हो."

दिवसातलं दुसरं खोटं. पहिल्याला टायरचं निमित्त तरी होतं.

दादा त्या पिल्लामागे चार हात अंतरावर उकिडवा बसून राहिला. हात लावला नाही. पाच मिनिटं, सात मिनिटं. शेवटी एक लांब लाट आली आणि ते तिच्याबरोबर गेलं. पोहत गेलं की नुसतं ओढलं गेलं, मला दिसलं नाही. टाळ्या झाल्या. त्या आठवड्यात आम्हाला सहलीबद्दल पाच-पाच चांदण्या मिळाल्या, एकीनं लिहिलं, 'त्या शेवटच्या पिल्लानं आम्हाला जिद्द शिकवली.'

कुणी म्हणेल, हजारात एखाददुसरं जगतं असं म्हणतात, मग अकरांचं काय एवढं. आमच्या मालकांनीही हेच म्हटलं. वर म्हणाले, पर्यटक गेले नाहीत तर त्या पाच घरांचा हंगाम बुडेल, मग कासवांकडे बघणार कोण? त्यातला दुसरा भाग खोटा नाही. घरांना पैसा मिळतो म्हणून अंडी वाळूत राहतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. फक्त त्या दिवशी बसच्या वेळेला कासवांची वेळ जुळवली गेली, आणि जुळवायला मी सांगितलं.

रात्री जेवणं झाल्यावर दादा पडवीत नोंदवही घेऊन बसला होता. लांबट फुलस्केप वही, आडव्या-उभ्या रेघा पेन्सिलीनं मारलेल्या. घरटं क्रमांक, अंडी, तारीख, पिल्लं, वर आली, सोडली, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात एरवी 'ठीक' नाहीतर 'मुंग्या' असं काहीतरी असतं. मी चहाचा कप ठेवायच्या निमित्तानं वाकून पाहिलं. वर आली: सकाळी ६. सोडली: सायं. ६.१०. शेरा: पाहुणे उशिरा.

मी वाचलं हे त्याला कळलं. त्यानं वही मिटली नाही. "खरं ते लिहावं लागतं, ताई," म्हणाला आणि पुढचं घरटं भरायला लागला.

यंदा मालकांना सांगितलंय, बस रात्री अकराऐवजी आठला सोडा. आठला ऑफिसं सुटत नाहीत म्हणतात. पोस्टरची ओळ पुन्हा पाठवलीय. परवा दादाचा फोन आला. हंगामातलं पहिलं घरटं मिळालं, ११८ अंडी. मी अभिनंदन केलं, काकूंची चौकशी केली, पहिली बॅच मार्चात आणते म्हटलं. तो म्हणाला, "या की. गाडी किती वाजता पोचेल?"