युरियाच्या बॅगेतले मोल

कपाशीला वरखत देण्याची वेळ आली, की आमच्या ओसरीत युरियाच्या बॅगा येऊन पडतात आणि अकरावीतल्या पुतणीला मोल, म्हणजे अणू-रेणू मोजायचे रसायनशास्त्रातले एकक, शिकवायला मला आयते साधन मिळते. पुस्तकातल्या मिठापाण्यापेक्षा 45 किलोची ही बॅग तिच्या अधिक ओळखीची आहे.

युरियाच्या एका रेणूत अणुभारांच्या हिशेबाने कार्बनचे 12, ऑक्सिजनचे 16, दोन नायट्रोजनचे 28 आणि चार हायड्रोजनचे 4 मिळून 60 होतात. रेणूभार जितका, तितके ग्रॅम म्हणजे एक मोल; म्हणून 60 ग्रॅम, म्हणजे जेमतेम मूठभर युरिया, हा एक मोल झाला आणि अख्ख्या बॅगेत 750 मोल भरले. प्रत्येक रेणूत नायट्रोजनचे दोन अणू असल्यामुळे त्याचे 1500 मोल होतात, त्यांना 14 ने गुणले की 21 किलो नत्र येते. बॅगेवर 46 टक्के छापलेले असते, त्या हिशेबाने 20.7 किलो, उरलेला किरकोळ फरक ओलावा, निंबोळी तेलाचे लेपन वगैरेंचा.

मुले घाबरतात ती मोलमागच्या आकड्याला, म्हणजे एका मोलमध्ये किती रेणू असतात त्याला: 6.022 गुणिले 10 चा 23 वा घात, म्हणजे सुमारे साठ लाख परार्ध. पण वरच्या हिशेबात तो कुठे लागला? रेणू मोजायचेच झाले, तर 750 ला त्याने गुणावे. एरवी सोयाबीनच्या शंभर दाण्यांचे वजन घेऊन बॅगेतल्या बियाण्याचा अंदाज बांधावा, तसे वजनांच्या गुणोत्तरावरच सारे भागते. इटालियन शास्त्रज्ञ ॲव्होगॅड्रोने 1811 मध्ये तापमान आणि दाब सारखे असताना समान आकारमानाच्या वायूंत समान रेणू असतात असे मांडले, तेव्हा ते किती हे त्यालाही ठाऊक नव्हते. ऑस्ट्रियातल्या लोश्मिटचा त्याबद्दलचा अंदाज 1865 चा, फ्रेंच शास्त्रज्ञ पेराँने एका मोलमधल्या त्या संख्येला ॲव्होगॅड्रोचे नाव दिले 1909 मध्ये, आणि 20 मे 2019 पासून तर ती मोजायची राहिलेलीच नाही, व्याख्येनेच ठरवून टाकली आहे. रसायनशास्त्रज्ञांचे काम मधल्या काळात अडले नाही, हे मला पुतणीला आवर्जून सांगावेसे वाटते.

मोलची खरी गंमत खत बदलले की कळते. अमोनियम सल्फेटच्या एका सूत्रातही नायट्रोजनचे अणू दोनच, पण त्याच्या एका मोलचे वजन 132 ग्रॅम. तेव्हा तेच 21 किलो नत्र हवे असेल, तर 750 मोलसाठी 99 किलो खत बंडीत घालावे लागते. अर्थात त्यातून 24 किलो गंधकही शेतात जाते आणि सोयाबीनसारख्या तेलबियांच्या पिकाला ते लागतेच.