क्षपण म्हणजेच रिडक्शन

गडचिरोलीकडची एक पोरगी आहे, बीएस्सी फर्स्ट इयरला. तिकडे २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ वेगळं झालंय, तरी बरीच पोरं नागपूरलाच येतात. हिचं दहावीपर्यंत मराठी मिडियम, अकरावी-बारावीला पेपर इंग्लिशमध्ये पण वर्गात सर सगळं मराठीतच समजावून सांगायचे, आणि मग एकदम इथे. पहिल्या टेस्टला वीसपैकी चार मार्क पडले तर बॅग भरून निघाली, गणेशपेठच्या स्टँडपर्यंत पोचली होती, रूममेट मागे धावत गेली आणि परत घेऊन आली.

तिला शनिवारी आमच्याकडे बसवलं. आमच्याकडे म्हणजे केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये, दुपारी प्रॅक्टिकलं आटोपली की फायनल इयरची चार-पाच पोरं ज्युनिअर्सना घेऊन बसतात, मी मागे टेबलावर जर्नल तपासत असतो आणि शक्यतो तोंड उघडत नाही. त्या दिवशी परमँगनेटचं टायट्रेशन चाललं होतं. ती म्हणाली, "दादा, परमँगनेट रिड्यूस होते म्हणते पुस्तकात, पण थे तं इलेक्ट्रॉन घेऊन राहिलं, मंग कमी काय झालं?"

मी असतो तर अर्धा तास व्याख्यान दिलं असतं. काटोलकडच्या त्या पोराने फक्त विचारलं, परमँगनेटमधल्या मँगनीजचा ऑक्सिडेशन नंबर, म्हणजे त्यावर मानलेला प्रभार, आधी किती होता? प्लस सात. नंतर? प्लस दोन. मंग कमी काय झालं? ती जरा थांबली आणि म्हणाली, "आकडा." तो म्हणाला, "दहावीत क्षपण शिकली होती ना? थेच आहे हे. काहून घाबरून राहिली?"

क्षपण! तिचा चेहरा असा खुलला की काय सांगू. तिला ते येत होतं हो, तीन वर्षांपासून येत होतं, फक्त त्या शब्दाचं इंग्लिश नाव आणि तिच्या डोक्यातलं मराठी नाव यांची गाठ कोणी घालून दिली नव्हती. त्वरण म्हणजे अ‍ॅक्सिलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम, संयुजा म्हणजे व्हॅलन्सी, अशी आता तिने वहीच्या मागच्या पानावर यादी केलीय, बाकीची पोरं त्या पानाचा फोटो काढून नेतात.

हे मी एवढं लिहितोय कारण मी स्वतः असाच आलो होतो. फर्स्ट इयरला वर्गात एकदा हात वर केला तर सरांनी "हे बारावीत झालं नाही का" असं विचारलं, सगळा वर्ग हसला, आणि त्यानंतर तीन वर्षं मी वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. दोन बॅक लागल्या. शंभर वर्षं होऊन गेली नागपूर विद्यापीठाला, १९२३ ची स्थापना, या काळात माझ्यासारखे असे किती जण गप्प बसून डिग्री घेऊन किंवा न घेता गेले असतील, हा विचार माझा काही केल्या सुटत नाही.

सीनिअर्सना ज्युनिअर्ससोबत असं बसवायची ही पद्धत मी शोधलेली नाही. अमेरिकेत मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी कॅम्पसमध्ये डियाना मार्टिन नावाच्या बाईंनी १९७३ मध्ये सुरू केली, सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन म्हणतात. मला त्यातली एक गोष्ट फार पटली, की तिथे विद्यार्थ्याला कच्चा म्हणत नाहीत, विषयाला अवघड म्हणतात. ज्या विषयात तीस टक्के किंवा जास्त पोरं नापास होतात, जेमतेम काठावर राहतात किंवा सोडून जातात तो विषय अवघड, आणि त्या विषयाला बसणाऱ्या सगळ्यांसाठी दार उघडं, हुशार असो नाहीतर नसो. आपल्याकडे रेमेडियल म्हटलं की पोरं लाजेनेच येत नाहीत, कारण नोटीस बोर्डावर नाव लागतं. आमच्या शनिवारची यादी म्हणून कुठेच लागत नाही. आणि शिकवणाऱ्या सीनिअरने परत लेक्चर द्यायचं नाही हा तिथला नियम, त्याने प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. पहिल्या वर्षी आमचे सीनिअर्स फळ्यापाशी उभे राहून माझीच नक्कल करायचे, ज्युनिअर्स उतरवून घ्यायचे, दोन्हीकडच्यांचा वेळ गेला. शेवटी फळाच पुसून टाकला आणि सगळ्यांना एका टेबलाभोवती स्टुलांवर बसवलं, मग जमलं.

लीडरशिपच्या नावाखाली आपल्याकडे बहुतेक वेळा एक दिवसाचं वर्कशॉप होतं, पाहुणे, पीपीटी, सर्टिफिकेट. मला ते पुरेसं वाटत नाही. एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, मला जास्त खरं वाटतं, १९६९ पासून चालू आहे, वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर, तिथे पन्नास जणांच्या भाजीत मीठ कमी पडलं की कोणाला तरी पुढे होऊन निस्तरावं लागतं. आमच्या टेबलावरही मला तेच दिसतं.

तो काटोलचा पोरगा दिवाळीनंतर एकदा माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, तो कोपऱ्यात बसणारा पोट्टा तीन शनिवार आला नाही, मी त्याच्या रूमवर जाऊन येऊ का?" मी अटेंडन्स बघत होतो रोज, मला त्याचं नाव गैरहजर म्हणून दिसत होतं, पण जाऊन यावं हे मला सुचलं नव्हतं. हा गेला. कळलं की तो पोरगा शनिवारी लग्नांमध्ये वाढपी म्हणून जातो, सीझन आहे, दुपारी दोनलाच लॉनवर हजर व्हावं लागतं आणि रात्री एकला सुटतो, त्या पैशावर त्याचं रूमचं भाडं निघतं. काटोलच्या पोराने मला न विचारता बाकीच्यांशी बोलून टाकलं, आणि मग मला येऊन सांगितलं की सर, आम्ही रविवारी दहाला बसू, तुम्हाला चालेल का.

चाललं. रविवारी लॅब उघडायला परवानगीचं पत्र लागतं, ते दिलंय, चावी अजून दर वेळी मागून आणावी लागते. मागच्या रविवारी तो पोरगा आला होता, डोळे लाल, झोप झालेली नाही, आणि येताना वाटेतून सगळ्यांसाठी तर्री पोहे बांधून आणले होते.