फोनच करायला पाहिजे होता

आज मन जरा जड आहे. आमचं काम रावेरकडच्या केळी पॅकहाऊसला. काल रात्री साडेदहाला माल न्यायच्या गाडीची वेळ बदलली, सकाळी अकराऐवजी सातला, आणि मी व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकून झोपून गेलो. सकाळी माल कापायला माणसं नाहीत, गाडी उभी. मग मी चिडून ग्रुपवरच लिहिलं, "मेसेज वाचत जा रे कोणी", आणि ते आमच्या आप्पांना लागलं, २२ वर्षं झाली त्यांना या कामात, कापणीच्या माणसांची टोळी तेच लावतात.

नंतर मेसेज इन्फो उघडून पाहिलं तर ३१ जणांपैकी ९ जणांनीच वाचला होता, आप्पांचं नाव त्यात नव्हतंच. ग्रुपमध्ये सगळ्यांनी वाचल्याशिवाय निळी टिक येत नाही हे मला माहीत होतं तरी पाहिलं नाही.

दुपारी चहा घेऊन त्यांच्याजवळ बसलो. आप्पा एवढंच बोलले, "भाऊ, माले एक फोन काबर नही करा?" रात्री चष्म्याशिवाय त्यांना मोबाईलवरचं दिसत नाही, रिंग वाजली तर मात्र झोपेतूनही उठतात. इतके दिवस सोबत काम करून हे मला माहीत नसावं याचं खरंच वाईट वाटलं.

खोक्यांचा हिशोब लेखीच पाहिजे, दोन दिवसांनी वाद नको. पण वेळ बदलली तर फोनच, आणि कोणाची चूक सांगायची तर चारचौघांत नाही, बाजूला बसून. माफी मात्र मी ग्रुपवरच मागितली, कारण बोललो तिथंच होतो. उद्याची गाडी सहाला आहे, आप्पांना आत्ताच फोन केला.