सोनेरी स्ट्रॉबेरी, पहिला चॅप्टर : तिसऱ्या आठवड्याची नोंद

'सेलेस्ट' या उड्या मारत डोंगर चढायच्या व्हिडिओ गेमच्या पहिल्या चॅप्टरमधली सोनेरी स्ट्रॉबेरी अजून माझ्या हाती लागलेली नाही. ती घेऊन निघाल्यावर चॅप्टर एकदाही न मरता संपवावा लागतो, आणि मेल्यास थेट पहिल्या स्क्रीनवर परतावे लागते. एरवी हा खेळ क्षणात त्याच स्क्रीनच्या तोंडाशी आणून उभा करतो, त्यामुळे अवघड उडीही शांतपणे घोटता येते. इथे मात्र पाठ झालेल्या उड्याच घाम फोडतात. (फोंड्यातल्या पावसाळ्यात हा घाम खराखुराही असतो. अंगठा कंट्रोलरच्या स्टिकवर घसरला की तिरपा मारलेला डॅश (हवेतली झटक्यात झेप) आडवा जातो, म्हणून आता पंचा मांडीवर घेऊनच बसतो.)

पहिले दोन आठवडे हॉलमधल्या टीव्हीवर खेळलो, ती चूकच झाली. हा खेळ सेकंदाला 60 फ्रेम दाखवतो आणि कड्यावरून पाय सुटल्यानंतरही सुमारे 0.1 सेकंदापर्यंत, म्हणजे जेमतेम 6 फ्रेम, उडी मान्य करतो. टीव्ही चित्र सजवण्यात जो वेळ घेतो तो या सवलतीतूनच वजा होतो, आणि आपण मात्र बटण वेळेवर दाबल्याची शपथ घ्यायला तयार असतो. साधा मॉनिटर जोडल्यावर कड्यावरचे माझे निम्मे अपघात थांबले.

अशा खेळांना लोक निर्दयी म्हणतात, ते मला पटत नाही. 2018 सालच्या या खेळात वर उडताना डोके कोपऱ्याला किंचित अडले, तर तो खेळाडूला गुपचूप बाजूला सरकवून वर जाऊ देतो. इतकी सूट देऊनही जी उडी चुकते ती निःसंशय माझीच असते, आणि मला या खेळांकडे पुन्हा पुन्हा खेचणारी गोष्ट हीच आहे. 'सुपर मीट बॉय' या अशाच खेळाने 2010 मध्ये पातळी संपल्यावर आपले सगळे फसलेले प्रयत्न एकाच वेळी धावताना दाखवले होते. ते पाहताना हसू येते, पण सगळे कुठे मरतात हेही कळते.

तोच धडा घेऊन मी तीन संध्याकाळचे खेळणे रेकॉर्ड केले. 40 मृत्यूंपैकी 26 रुळावरून सरकणाऱ्या ठोकळ्यांपाशी झाले होते. ठोकळा वेगात असताना उडी मारल्यास त्याचा वेग आपल्याला मिळतो. मी तो थांबल्यावर, पाय स्थिर झाल्याची खात्री करून उडत होतो, जे घरच्या जिन्यावर शहाणपणाचे असले तरी इथे घातक आहे. आता नजर पुढच्या भिंतीवर न ठेवता ठोकळ्यावरच ठेवतो.

काल रात्री प्रथमच शेवटच्या स्क्रीनवर पोहोचलो. तिथे एकही ठोकळा नव्हता, तरीही पडलो. मृत्यूंचा एकूण आकडा 412.